मदत हवी आहे: कॉलेज बास्केटबॉलच्या गेममध्ये दरवेळी तोच जिंकतो

अर्धविराम: मित्रांची ऑनलाइन लीग आहे, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची. गेम मीच लिहिलाय. सहा सीझन झाले, पाच ड्यूक या नामांकित कॉलेजचा संघ घेतलेल्याने नेले. लहान कॉलेजं घेतलेले तिघं वैतागून सोडून चाललेत. म्हणून खेळाडूंच्या भरतीत नामांकित कॉलेजांचं वजन निम्मं केलं, तर केंटकीसारखी मोठी टीम ३१ पैकी ९ सामने जिंकली आणि सगळे अंगावर आले, 'याला काय कॉलेज बास्केटबॉल म्हणायचं?' रविवारी पुढचा सीझन लावायचाय. लवकर सांगा.

पेठकर: किती जण खेळता? बाकीचे संघ कोण चालवतं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का?

अर्धविराम: आम्ही १४ जण. उरलेले साडेतीनशे संघ कॉम्प्युटरचे. त्याचा काय संबंध?

बाळासाहेब: सॅलरी कॅप लावा, म्हणजे संघाच्या एकूण पगाराला मर्यादा. एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, तेच करतात.

सुनेत्रा_ओहायो: बाळासाहेब, हे कॉलेज आहे! २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देतात, पण ती मर्यादा सगळ्या खेळांची मिळून. अर्धविराम, खेळाडूंच्या बदलीचं पोर्टल घाल. २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. ड्यूकच्या बाकावर कंटाळलेली पोरं लहान संघात येतील.

टवाळ: ताई, उलटंच होतं. लहान कॉलेजाने घडवलेलं पोर मोठे पळवतात.

सुनेत्रा_ओहायो: दोन्ही होतं. मी इथे राहते, बघते.

पेठकर: भांडा नंतर. अर्धविराम, एका सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडू किती वेळा येतो?

अर्धविराम: शंभरेक. इंजिन माझ्या जुन्या एनबीए गेमचंच आहे.

पेठकर: हे आत्ता सांगताय? कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, शॉट क्लॉक (चेंडू मिळाल्यावर बास्केटकडे टाकायची मुदत) ३० सेकंदांचा. सत्तरच्या आसपास आणा. संधी कमी झाल्या की दुबळा संघही कधी जिंकतो. लिंबूटिंबू संघ टी-ट्वेंटीत कधीतरी धक्का देतो, पाच दिवसांच्या कसोटीत त्याचं काही चालत नाही. २०१८ला राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकित व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकित यूएमबीसी या लहान कॉलेजाने हरवलं. व्हर्जिनिया तर मुद्दाम संथ खेळायची.

टवाळ: ७४-५४ हरली हो! वीस गुणांनी हरायला संथपणा कशाला लागतो?

अर्धविराम: ड्यूक आणि आमच्यातला तळाचा संघ हजार वेळा खेळवले. १०० ला ड्यूक ९४ टक्के, ७० ला ९० टक्के. चारच टक्के?

पेठकर: सीझनच्या शेवटच्या बाद फेरीच्या स्पर्धेत सलग सहा सामने जिंकायचे असतात ना? ९४चा सहावा घात काढ, ६९ टक्के. ९०चा ५३. आता भरतीचं वजन होतं तिथे ने, केंटकीवाले गप्प बसतील.

बाळासाहेब: धाकटीसाठी अंगणात रिंग लावायचीय. दहा फूट जास्त होतील का?

सुनेत्रा_ओहायो: आठावर लावा. पोर्टल तरी घालच रे.

अर्धविराम: पोर्टल पुढच्या सीझनला. आधी हे तिघं राहू देत.