आधी गाठोडं बांधलं, मग कौल मागितला: यिर्मयाचे ते दहा दिवस

खाडीपलीकडे

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या ३ तारखेला गदल्याच्या खुनाच्या आठवणीचा उपास असतो. आमची आजी त्याला नव्याचा रोजा म्हणायची. त्या दिवशी मी बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचे ४० ते ४४ हे अध्याय वाचते. यंदा बेचाळिसाव्यापाशी अडकले आणि गेले चार दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेनं यरुशलेम जाळलं. मागे उरलेल्या गोरगरिबांवर गदल्याला अधिकारी नेमलं, तर राजघराण्यातल्याच एकानं मिस्पा इथं त्याचा खून केला. आता बाबेलचा राजा सूड घेणार, या धास्तीनं उरलेसुरले लोक योहानान नावाच्या पुढाऱ्याच्या मागे बाहेर पडले. बेथलेहेमजवळ मुक्काम पडला. तिथून ते यिर्मया नबीकडे गेले आणि म्हणाले, आमच्यासाठी देवाला विचार, आम्ही कुठल्या वाटेनं जावं? बरं असो की वाईट, तो सांगेल ते करू. वर देवालाच साक्षी ठेवलं.

दहा दिवसांनी उत्तर आलं: इथंच राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. त्यावर योहानान आणि बाकीचे पुढारी म्हणाले, "तू खोटं बोलतोस. बारूख तुला आमच्याविरुद्ध चिथावतोय." बारूख म्हणजे यिर्मयाचा लेखनिक. आणि ते मिसरात गेले.

मला खिळवून ठेवतो तो त्यांचा मुक्काम. एक अध्याय आधीच मजकुरात सरळ लिहिलंय की ते मिसरात जायलाच निघाले होते. बेथलेहेम यरुशलेमच्या दक्षिणेला, म्हणजे त्याच वाटेवर. गाठोडी बांधून झालेली, बायकापोरं रस्त्याला लागलेली, आणि मग देवाचा कौल! पहिल्यांदा बोलताना ते यिर्मयाला 'तुझा देव' म्हणतात, हेही पाहा. यिर्मया त्यांना उलट 'तुमचा देव' म्हणून आठवण करून देतो, तेव्हा कुठे शपथेत 'आमचा देव' येतो. शेवटी तो त्यांना म्हणतो, मला देवाकडे पाठवलंत तेव्हा तुम्ही स्वतःलाच फसवलंत.

माझं म्हणणं असं, की अनावर इच्छा माणसाला आंधळं करते ती उत्तर ऐकताना नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. आपण प्रश्न घेऊन जातो तेव्हाच एक उत्तर बाद करून ठेवलेलं असतं. आपल्याला वाटत असतं की आपण विचारतोय.

तालमूद या यहुदी धर्मग्रंथसंग्रहातल्या केतुबोत ग्रंथात याच दुखण्याची एक गोष्ट आहे, माझी फार आवडती. रब्बी (धर्मगुरू) इश्माएल बेन योसे यांची जमीन कसणारं एक कूळ होतं. ते दर शुक्रवारी रब्बींच्याच बागेतल्या फळांची टोपली आणून द्यायचं. एकदा ती गुरुवारीच आणली. का? तर "माझा एक दावा आहे, येता येता घेऊन आलो." रब्बींनी टोपली घेतली नाही, न्यायाला बसायलाही नकार दिला आणि दुसऱ्या दोन विद्वानांना बसवलं. पण येरझाऱ्या घालताना मनात एकच: यानं असा मुद्दा मांडला तर जिंकेल, तसा मांडला तर जिंकेल! तेव्हा ते कळवळून म्हणाले, लाच घेणाऱ्यांचं वाटोळं होवो. मी घेतली नाही, घेतली असती तरी फळं माझीच होती, तरी माझी ही गत!

न घेतलेल्या टोपलीनं एवढं होतं. मग मनात वर्षानुवर्षं बाळगलेल्या हव्यासानं काय होत असेल?

उलटतपासणी

ताई, गोष्ट सुंदर सांगितलीत, पण निष्कर्ष मला टोचला. त्या लोकांची 'अनावर इच्छा' काय होती ते त्याच अध्यायात आहे: जिथं लढाई दिसणार नाही, रणशिंग ऐकू येणार नाही, भाकरीवाचून मरायची वेळ येणार नाही अशा देशात जाऊ. वेढ्यात उपासमार भोगलेल्या माणसांनी हे मागितलं, तर त्याला हव्यास म्हणायचं? त्यांनी ज्या अधिकाऱ्यावर भरवसा ठेवला त्याचा नुकताच खून झालेला. दहा दिवस थांबले हेच जास्त.

दुसरं, लाचेचा हा दाखला पुढे कुठवर ओढला गेला ते तुम्हाला ठाऊक असेल. रब्बी एल्हानान वासरमन (१९४१ मध्ये लिथुआनियात मारले गेले) यांचा युक्तिवाद असा, की देव आहे हे इतकं उघड आहे की बुद्धिवानाला ते दिसत नाही याचं कारण एकच, त्याच्या वासनांनी त्याला लाच दिलेली असते. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हा युक्तिवाद मला अन्यायाचा वाटतो. प्रामाणिकपणे शंका घेणाऱ्याला यात जागाच नाही. तो जे बोलेल ते त्याच्या वासनेचं बोलणं! आणि हेच श्रद्धावानालाही लावता येतं: मरणाची भीती, आधाराची ओढ, ही लाच नाही?

खाडीपलीकडे

'हव्यास' शब्द चुकला, मागे घेते. पण इच्छा निर्दोष असली म्हणून तिनं डोळ्यांवर पट्टी बांधली नाही असं होत नाही. भाकरीची भीती खरी होती. "बारूख चिथावतोय" हे मात्र त्यांना कुठून कळलं? पुरावा काहीच नव्हता. नको असलेलं उत्तर आल्यावर सांगणाऱ्याचा हेतू शोधायला लागणं, मी तिथं बोट ठेवतेय. मी स्वतः हे केलंय. घरातल्या एका मोठ्या निर्णयाच्या वेळी वडीलधाऱ्यांचा सल्ला मागितला, तो मनासारखा आला नाही, तर त्यांच्या मनात काय असेल याच्याच कथा रचत बसले.

वासरमन यांच्याबद्दल निम्मं मान्य. रब्बी इश्माएल यांनी तपासलं ते स्वतःचं मन. तीच तपासणी दुसऱ्यावर चालवली की तिची काठी होते.

मीठभाकर

दोघंही इच्छेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय. तालमूदच्याच योमा ग्रंथातली गोष्ट विसरू नका. लोकांनी प्रार्थना करून वासनेलाच पकडलं आणि तीन दिवस कोंडून ठेवलं. मग देशभर शोधलं तर एक ताजं अंडं मिळेना! कोंबड्यांनीसुद्धा घालायचं थांबवलं होतं. मारावं तर जग थांबतं. शेवटी तिच्या डोळ्यांत काजळ घालून ते अधू केले आणि सोडून दिलं. म्हणजे इथं आंधळी झाली ती वासना. बेरेशित रब्बा या उत्पत्तीवरच्या जुन्या टीकाग्रंथातही म्हटलंय की ही ओढ नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, मुलं झाली नसती. देवानं सृष्टीला 'फार चांगलं' म्हटलं त्यातलं ते 'फार' म्हणजे हीच.

उलटतपासणी

मला आणखी एक ठिकाण दाखवायचंय, आणि ते ताईंच्या बाजूनं आणि विरुद्धही जातं. तालमूदच्या सनहेद्रीन ग्रंथात एक मत आहे: मूर्तींत काही नाही हे इस्राएलांना माहीत होतं, उघड व्यभिचाराला मोकळीक हवी म्हणून ते त्यांच्या भजनी लागले. म्हणजे वासना आधी, श्रद्धा मागून. पण तालमूद तिथं थांबत नाही, लगेच हरकत घेतो आणि गोष्ट सांगतो. उपासमारीत एलिया नबी भुकेल्यांना धुंडाळत फिरताना त्याला उकिरड्यावर पोट फुगलेलं एक पोर सापडतं. सगळं घराणं मेलेलं. एलिया म्हणतो, रोज 'शेमा इस्राएल' (देव एकच, अशी ग्वाही देणारी प्रार्थना) म्हण, जगशील. पोर म्हणतं, गप्प, देवाचं ते नाव घ्यायचं नसतं. आईबापांनी शिकवलंच नव्हतं. छातीशी धरलेली मूर्ती काढून ते तिचे मुके घेत राहतं, आणि तसंच मरतं.

कुठला व्यभिचार आणि कसली मोकळीक? तालमूदचं उत्तर एवढंच, की ही मूर्तींचा नाद जडल्यानंतरची गोष्ट. मला ते अपुरं वाटतं. पोराला कुणी लाच दिली नव्हती. त्याला जे दिलं होतं तेवढंच त्याच्यापाशी होतं.

आणि मिसरात पोचल्यावर काय झालं ते ४४ व्या अध्यायात वाचा. लोक यिर्मयाला सांगतात, आकाशाच्या राणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर खात होतो, ते बंद केलं तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ. ते अनुभवावरूनच बोलतायत. यिर्मया त्याच घटना उलट्या लावतो. त्या क्षणी तिथं उभ्या असलेल्या माणसानं आंधळा कोण, हे कशावरून ठरवायचं?

खाडीपलीकडे

त्या पोराला माझा मुद्दा लागू नाही. माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते पोर आता डोळ्यांसमोरून जाणार नाही.

पण योहानानच्या लोकांची तशी स्थिती नव्हती. त्यांना देवाचं नाव ठाऊक होतं, शपथ ठाऊक होती. कशावरून ठरवायचं म्हणता, तर मी त्यांना एकच विचारलं असतं: 'राहा' हे उत्तर आलं तर तुम्ही काय कराल, याची दहा दिवसांत काही तयारी केलीत? एखादं गाठोडं तरी सोडलंत?

अश्दोदची मावशी

मी उशिरा आले, सगळं वाचलं. आमच्या इथल्या सिनेगॉगमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला एकदा विचारलं होतं, यिर्मया त्यांच्याबरोबर मिसरात का गेला? मजकुरात एवढंच आहे की ते त्याला आणि बारूखला घेऊन गेले. हात धरून नेलं की तो आपणहून चालला, काही सांगितलेलं नाही.

तुमचा वाद वाचताना तेच आठवत राहिलं. ज्यांनी तोंडावर खोटारडा म्हटलं त्यांच्यातच तो मिसरातल्या ताहपन्हेसला पोचला, आणि तिथंही त्यांच्याशी बोलत राहिला.