रत्नागिरी सोडून पुणे: ६ लाखांत भागेल का?

मंडळी, मदत हवी आहे. रत्नागिरीत अकाउंट्सचं काम करतो, हातात ३२,००० येतात. चाकणच्या कंपनीची वर्षाला ६ लाखांची ऑफर आहे. भागाकार केला तर महिन्याला ५०,००० दिसतात, पण त्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलीय. व्यवसाय कर दोन्हीकडे सारखाच, वर्षाला २,५००.

खरी अडचण घरखर्चाची आहे. इथे घर स्वतःचं, तांदूळ शेतातला, नारळ-कोकम परसातलं. मिरकरवाड्याला बोटी लागल्या की ताजा बांगडा घरी येतो. तिकडे हे सगळं विकत, आणि यातलं बरंचसं आम्ही कधी वहीत मांडलेलंच नाही. त्याची किंमत कशी धरायची? शिवाय आई इथेच राहणार, म्हणजे दोन चुली. शिमगा-गणपतीला गावी येणं तर चुकवणार नाही.

मोशी-भोसरीकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: वन बीएचकेचं भाडं आणि डिपॉझिट सध्या किती? सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यातच असतो की वेगळा? उन्हाळ्यात टँकरचे पैसे भाडेकरूकडून घेतात का? मुलगी पहिलीत जाईल, जवळपास चांगली मराठी शाळा आहे का? कंपनीला होकार द्यायच्या आधी पगार किती वाढवून मागू?