व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू बूटच होत नाही

प्रश्न: होस्ट (मूळ संगणक) विंडोज १०, रॅम ८ जीबी, व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) ७.०. त्यात नवं मशीन बनवताना यादीत फक्त ३२-बिट उबुंटू दिसतं. तेच निवडून उबुंटू २४.०४ ची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) लावली, तर काळ्या पडद्यावर "एक्स८६-६४ सीपीयू हवा, आय६८६ सापडला" (म्हणजे ६४-बिट हवा, ३२-बिट सापडला) असा एरर येतो. आयएसओ पुन्हा डाउनलोड करू का?

उत्तर १: आयएसओला हात लावू नका, ती ठीक आहे. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आभासी संगणक चालवण्याची सीपीयूची सोय, बंद असणार. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथे उजवीकडे खाली 'व्हर्च्युअलायझेशन' बघा. 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये इंटेलसाठी व्हीटी-एक्स, एएमडीसाठी एसव्हीएम चालू करा. मग ६४-बिट आपोआप यादीत येईल.

उत्तर २: त्यानंतरही व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तो आभासी संगणक) रडतखडत चालली, तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का पाहा. दिसलं तर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनची सोय) आडवं येतंय. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढा, विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी बंद करा, रीस्टार्ट करा. मात्र डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर ते बंद पडेल. मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे वेग चालण्यासारखा असेल तर ती राहू द्या.

उत्तर ३: ८ जीबीतले ४ जीबीच व्हीएमला द्या, जास्त दिले तर होस्ट गुदमरेल. डिस्क किमान २५ जीबी. आणि इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा इन्स्टॉलरच उघडला तर स्टोरेजमधून आयएसओ काढा.