मेदानला तीन दिवस: तोबा सरोवर की शहर? आज रात्रीपर्यंत ठरवायचंय

जास्वंद
तिकिटं झाली आहेत. मेदानला (इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं शहर, बाली नव्हे) तीन दिवस आहोत. तोबा सरोवराकाठी हॉटेल धरून ठेवलंय, पण ते आज रात्री बारापर्यंतच फुकट रद्द होतं. नेटवर शोधलं की बालीच पुढे येतं. तोबा करावं की शहर बघावं? जाऊन आलेल्यांनी प्लीज लवकर सांगा.

रानवारा
कधी जाताय? किती जण? बरोबर लहान मुलं, वडीलधारी कोणी? कुठून येताय, मुंबईहून थेट विमान नाही ना? आणि विमान उतरतं किती वाजता, ते सर्वात महत्त्वाचं.

डोंगरवाट
तोबा, डोळे झाकून! सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, जमीन खचली आणि तिथे पाणी साठलं. जवळजवळ १०० किलोमीटर लांब, मध्ये सामोसिर बेट. पहाटे पाण्यावर धुकं असतं आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. मी दोन रात्री राहिलो, चार राहायला हव्या होत्या. शहरात गर्दी आणि ट्रॅफिक, त्यासाठी सुमात्रा कशाला?

अवांतर: आपल्या जुन्नर भागात कुकडीच्या काठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख याच तोबाची. नक्की बघून या.

खलाशीकाका
डोंगरवाट, "शहरात काही नाही" हे मला मान्य नाही. पामतेलाच्या जहाजावर असताना बेलावान बंदरात आम्ही कितीदा थांबलो, सुट्टी मिळाली की मेदान गाठायचो. हे शहर तंबाखूवर उभं राहिलं. १८६३ नंतर डचांनी इथे मळे लावले आणि राबायला चिनी, जावानीज, तमिळ माणसं आणली. मूळचे मलय, डोंगरातले बाताक, शिवाय मिनांगकाबाऊ. त्या सगळ्यांची वस्ती अजून आहे. डेलीच्या (मेदानच्या भागातलं जुनं राज्य) सुलतानाचा पिवळा माइमून राजवाडा १८९१ चा, जवळच १९०९ ची मोठी मशीद. त्या मशिदीसाठी पैसे घालणाऱ्यांत चोंग आ फी हा चिनी व्यापारी होता. त्याचा वाडा केसावान भागात आहे, आत जाऊन बघता येतो. कंपुंग मद्रास या तमिळ वस्तीतलं श्री मरिअम्मन मंदिर १८८४ चं. दारात गजरे आणि कापराचा वास, आणि पुजारी मलय भाषेत गिऱ्हाइकाशी, तमिळमध्ये देवीशी बोलताना मी स्वतः ऐकलाय. हे सोडून नुसतं पाणी बघायला जायचं?

दगडधोंडे
बोरीची राख तोबाचीच आहे, पण ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याआधीच्या, यावर अभ्यासकांत बराच वाद आहे. तोबा एकदाच फुटलेला नाही. तेव्हा "याच उद्रेकाची" असं ठामपणे म्हणू नये.

डोंगरवाट
मी "याच तोबाची" लिहिलंय, "याच उद्रेकाची" नाही. नीट वाचा.

जास्वंद
अहो, राखेचं नंतर बघू ना! आम्ही चौघं: मी, नवरा, आई (६८, गुडघे दुखतात) आणि मुलगी, वय ११. मलेशियात पेनांगला माझा भाऊ असतो, त्याच्याकडून जाणार. शुक्रवारी संध्याकाळी सहाला उतरतो, सोमवारी सकाळी ९:४० ला परत. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

रानवारा
ताई, मग हे तीन दिवस नाहीत, दोन आहेत. शनिवार आणि रविवार. मेदानहून पारापात (तोबाकाठचं गाव) १७५ किलोमीटरच्या आसपास, नवा टोलरस्ता धरूनही गाडीत चार तास गेले होते आमचे. पुढे सामोसिरला जायला बोट. जाताना चार, येताना चार, आणि सोमवारी पहाटे विमानतळ. ६८ वर्षांच्या आईंना हे करायला लावू नका. तोबाचं हॉटेल आत्ताच रद्द करा.

डोंगरवाट
शुक्रवारी रात्रीच गाडी करून निघायचं, झोपेत पोचाल. आम्ही असंच केलं.

खलाशीकाका
तुमच्याबरोबर दुखरे गुडघे होते का? शुक्रवारी दिवसभराची धावपळ, उतरून इमिग्रेशन, मग घाटातून रात्रीचा प्रवास. माझ्या बायकोला मी हे कधी करायला लावणार नाही.

सोनचाफा
दोन गोष्टी कोणीच लिहिल्या नाहीत. पहिली, इंडोनेशियाचा व्हिसा ऑनलाइन आधीच काढून ठेवा, पाच लाख रुपिया प्रत्येकी. दुसरी, परत पेनांगला उतरताना तुम्ही मलेशियात नव्याने शिरता, म्हणून मलेशियाचा डिजिटल अरायव्हल कार्ड चौघांचाही पुन्हा भरावा लागतो. आमच्यातल्या एकीने पहिला चालेल असं धरलं आणि काउंटरवरून परत पाठवलं, बाजूला उभं राहून फोनवर भरावा लागला.

हिरवीमिरची
जेवणाचं: नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. सांबालमध्ये (तिथली मिरचीची चटणी) तेरासी असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, दिसत नाही. "तानपा तेरासी, तानपा इकान, तानपा तेलुर" (तेरासी, मासे, अंडं नको) असं लिहून दाखवा. टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) सगळीकडे मिळतं. मैत्रेय बौद्ध मंडळी शाकाहारी असतात, त्यांच्या विहाराकडे चेमारा असरी भागात तसं जेवण मिळतं. आणि बाजारात अंदालिमान नक्की घ्या! बाताक लोक माशांत घालतात. आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, तोंडाला तशाच मुंग्या येतात, वर लिंबाचा वास. मी घरी आणून बटाट्याच्या भाजीत घातलं, अप्रतिम.

जास्वंद
तिरफळ! आईचं माहेर मालवण, तिला हे सांगते. मग बेरास्तागी? थंड हवा, ज्वालामुखीचे डोंगर, अंतर कमी दिसतंय.

रानवारा
६५ किलोमीटर, पण वळणाचा रस्ता, आणि शनिवार-रविवारी निम्मं मेदान तिकडेच जातं. रविवारी संध्याकाळी उतरताना अडकलात तर रात्र होते. जायचंच तर शनिवारी पहाटे सहाला निघा, दुपारी दोनला परत फिरा. पण मी असते तर शनिवारी राजवाडा आणि मशीद (जवळजवळ आहेत, दोन्हीकडे पायऱ्या चढाव्या लागतात, आईंना सावकाश) आणि संध्याकाळी मरिअम्मन मंदिर. रविवारी चोंग आ फीचा वाडा आणि केसावान. हॉटेल मर्देका मैदानाजवळ घ्या, कुआलानामू विमानतळाची रेल्वे तिथल्याच स्टेशनला येते. टॅक्सीवाल्यांशी घासाघीस नको.

ऑक्टोबर पावसाचा आहे. छत्र्या घ्या.

जास्वंद
तोबा रद्द केलं. नवऱ्याला वाईट वाटलं, पण आईचा चेहरा बघून तोही गप्प बसला. मैदानाजवळ खोली मिळाली. तारखा बघितल्या, तेव्हा नवरात्र आहे. कंपुंग मद्रासच्या देवळात काही असतं का? आईला विचारायचंय.

खलाशीकाका
मी गेलो होतो तेव्हा नऊही रात्री दिवे होते. संध्याकाळी सहा-सातनंतर जा, चपला बाहेर, आईंना बसायला जागा देतात. आणि तिथे कोणाला सांगा की आम्ही मुंबईकडचे, सोडणारच नाहीत.

डोंगरवाट
तोबासाठी पुन्हा या. मी गाडीवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.