मदत हवी आहे: गिटारवर मर्ल ट्रॅव्हिससारखा अंगठा कसा बसवायचा?

निटी ग्रिटी डर्ट बँडचा 'विल द सर्कल बी अनब्रोकन' (१९७२) हा अल्बम सध्या डोक्यातून जातच नाही. कॅलिफोर्नियाची ही तरुण पोरं नॅशव्हिलला मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस अशा कंट्री संगीतातल्या बुजुर्गांसोबत बसली आणि तीन एलपी तबकड्या भरल्या. मधल्या गप्पाही तशाच ठेवल्यात. वॉटसन-ट्रॅव्हिसची पहिली भेट तर ऐकाच!

अडलंय त्यातल्या ट्रॅव्हिसच्या 'कॅननबॉल रॅग' या गिटारवरच्या धूनपाशी. ट्रॅव्हिसचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरून असतो, वर तर्जनी चाल वाजवते. माझी तर्जनी दोन ठोक्यांच्या मध्ये पडली की अंगठा अडखळतो. आधी नुसता अंगठा पक्का करू, की दोन्ही एकदम पण अगदी संथ लयीत? आणि थंबपिक (अंगठ्यात घालायची नखी) पहिल्यापासूनच घालावं का? ज्यांनी हे बसवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.