रात्री दहाचे जेवण स्पॅनिश शेजाऱ्यांना पचते, मग आम्हाला का नाही?

प्रश्न:
आम्ही नोकरीनिमित्त माद्रिदला राहायला आलो आहोत. पुण्यात आम्ही साडेआठला जेवत असू. इथे शेजारची मंडळी दहाला पानावर बसतात, म्हणून आम्हीही तसेच करू लागलो. मात्र माझ्या पतींना अकराला आडवे झाले की छातीत जळजळते आणि आंबट ढेकर येतात. शेजारच्या वयस्कर आजोबांना काहीच त्रास होत नाही. हा केवळ सवयीचा फरक आहे का?

उत्तर 1:
शेजाऱ्यांच्या रात्रीच्या ताटात काय असते, ते आधी पाहावे. स्पेनमध्ये मुख्य जेवण दुपारी दोन ते साडेतीनच्या दरम्यान होते, संध्याकाळी ‘मेरियेंदा’ म्हणजे मधल्या वेळचे खाणे होते आणि त्यामुळे रात्री बऱ्याच घरांत सूप, सॅलड किंवा बटाट्याचे ऑम्लेट एवढ्यावर भागते. आपण दुपारी डब्यावर निभावतो आणि वरण-भात, पोळी, भाजी, वर तूप असे चौरस जेवण रात्री घेतो. असे जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण चार तास लागतात, स्निग्ध पदार्थ जास्त असल्यास त्याहूनही अधिक. मग तासाभरात आडवे झाल्यावर आम्ल अन्ननलिकेत चढले तर नवल नाही.

उत्तर 2:
वरील मत पटते, पण घड्याळाचाही विचार व्हावा. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनची घड्याळे एक तास पुढे नेली गेली आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. माद्रिद ग्रिनिचच्याही पश्चिमेला असल्याने आणि उन्हाळ्यात घड्याळे आणखी एक तास पुढे असल्याने त्या दिवसांत तिथे सूर्य सव्वादोनच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणजे घड्याळातले रात्रीचे दहा हे सूर्यमानाने पावणेआठच होत. पुण्यातले आपले साडेआठ याच हिशेबाने आठच्या जवळपास येतात! वेळ फारशी बदललेली नाही. जेवण आणि झोप यांतले अंतर मात्र आटले आहे. ते शेजारी किती वाजता झोपतात, हे जरूर विचारावे.

उत्तर 3:
तरीही उशिरा जेवणे निर्धोक आहे, असा अर्थ कृपया काढू नये. स्पेनमधल्याच मुर्सिया येथे संशोधक मार्ता गाराउलेत यांनी वजन घटवू पाहणाऱ्या 420 जणांचा अभ्यास केला आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुपारचे जेवण तीननंतर घेणाऱ्यांचे वजन, आहार आणि झोप सारखीच असूनही, कमी उतरले. शिवाय रात्री इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, म्हणून तोच भात दुपारपेक्षा रात्री रक्तातली साखर अधिक वाढवतो.
पतींनी भात-वरण दुपारी घ्यावे, रात्री आठपूर्वी मुगाची पातळ खिचडी किंवा भाजी-भाकरी असे मोजके खावे, झोपण्यापूर्वी तीन तास जाऊ द्यावेत आणि डाव्या कुशीवर झोपावे. पाहुणचाराला दहाला बसावे लागले, तरी पानात थोडेच घेता येते. गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा शौचास काळी होत असेल, तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दिवस न काढता डॉक्टरांना दाखवावे. आणि छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर ती पित्ताची समजून थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.