दोन रेघा आणि 'अकाउंट पेयी'
चेकचे पैसे भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून काय करायचं, असा प्रश्न होता. त्यावर दोघांनी म्हटलंय की चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की काम झालं. अर्धंच झालं. नुसत्या रेघांचा अर्थ इतकाच, की काउंटरवर रोकड मिळणार नाही, पैसे कुठल्या तरी खात्यातच जमा होतील. ज्याच्या नावाचा चेक आहे त्याच्याच खात्यात जायला हवे असतील, तर रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' लिहायचं. नाव लिहून झाल्यावर पुढचं 'ऑर बेअरर' (म्हणजे 'किंवा चेक आणणाऱ्याला') खोडा, आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढा. ही आडवी रेघ लोक हमखास विसरतात.

रक्कम अक्षरांत एक आणि आकड्यांत दुसरी असेल तर कायद्याने अक्षरी रक्कम धरायची. प्रत्यक्षात मात्र बँका असा चेक सरळ परत पाठवतात, त्यामुळे कायद्याच्या भरवशावर राहू नका. खाडाखोड करून शेजारी सही करायची जुनी सवयही सोडा. हल्ली क्लिअरिंगला (एका बँकेत भरलेला दुसऱ्या बँकेचा चेक वटवायला) कागद जातच नाही, चेकची स्कॅन केलेली प्रतिमा जाते, आणि त्यात तारखेखेरीज दुसरी दुरुस्ती चालत नाही. नवीन चेक लिहिलेला बरा.

चेकच्या खालच्या पट्टीतल्या आकड्यांबद्दलही विचारलं होतं: पहिले सहा आकडे चेकचा नंबर. पुढचे नऊ एमआयसीआर कोड (यंत्राने वाचायचा बँक-शाखेचा कोड), त्यात तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे.

आणि चेक बँकेत भरायची मुदत आता सहा महिने नाही हो, १ एप्रिल २०१२ पासून ती तीनच महिने झाली आहे.